टाळ्या नव्हत्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी उर्से गावचा. उर्से म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू येतं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरून गेलेला जवळजवळ प्रत्येक माणूस आमच्या गावी थांबलेला असतो. पण थांबलेला असतो तो टोलनाक्यावर. पूर्वी निदान काच खाली करून सुटे पैसे काढावे लागत, तेवढ्यात डोंगराकडे नजर जाई. आता फास्टॅग आल्यापासून तेही गेलं. गावात येऊन चहा प्यालेला माणूस विरळाच. मी मुसलमान आणि गाव उर्से, त्यामुळे काही मंडळी गावाचा संबंध उरुसाशी जोडतात. मी त्यांना हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या उरुसाला जाऊ द्यावं.

सांगायचं ते हे की २००२ मध्ये तो रस्ता पूर्ण झाल्यापासून आमच्या गावाला जाणाऱ्यांकडे बघत बसायची सवय लागली. मलाही लागली. कवितेत मी पुष्कळ फिरलो. प्रत्यक्षात तळेगाव, पुणे, फार तर मुंबई. असा मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पुतण्याची कॉलेजची सॅक पाठीला लावून, एका त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या सोबतीने कोल्हापूरला कुस्तीचं मैदान बघायला गेलो. मैदानात त्या दिवशी कुस्ती नव्हती. नुसतं रिकामं मैदान. त्याचीच ही हकिगत.

सुरुवात एका कवितेपासून झाली. माझे वडील पैलवान होते. म्हणजे नाव कमावलेले नव्हेत. मावळातल्या जत्रांतून नारळावर आणि पाच-दहा रुपयांवर कुस्त्या करणारे. डावा कान मोडलेला, मान बैलासारखी. गावच्या तालमीत उतरताना ते आधी कोनाड्यातल्या मारुतीला हात जोडत, मग मातीला हात लावून तो कपाळाला नेत, आणि घरी येऊन आंघोळ करून नमाज पढत. यात कुणाला काही जोडून दाखवायचंय किंवा सिद्ध करायचंय असं त्यांच्या मनातही नसे. मला मात्र लहानपणी त्यांच्या त्या कानाची लाज वाटे. मी बी.ए.ला होतो तेव्हा ते एकदा कॉलेजच्या फाटकाशी डबा घेऊन आले, आणि मित्राने विचारलं तर मी 'गावचे एक जण आहेत' असं सांगितलं. त्यांनी ते ऐकलं की नाही हे मला आजतागायत माहीत नाही. २००६ मध्ये ते गेले.

ते एक वाक्य नेहमी म्हणायचे, "माझ्या अंगाला खासबागेची माती लागलीय." कोल्हापूरच्या खासबाग मैदानात आपण कुस्ती केली आणि जिंकली, एवढंच सांगायचे. तपशील विचारला की उठून जायचे. ते गेल्यावर मी त्यावर कविता लिहिली. तिच्यात खासबाग आली, लाल माती आली, आणि शेवटी हजारो लोकांच्या टाळ्या आल्या. खरं सांगतो, कॉलेजच्या फाटकाशी मी जे नाकारलं होतं त्याची भरपाई म्हणून मी त्या टाळ्या घातल्या होत्या. कविता लोकांना आवडायची. वाचली की खरोखरच टाळ्या पडायच्या.

तर २०२४ च्या दिवाळीनंतर तळेगावात एका छोट्या कार्यक्रमात मी ती वाचली. कार्यक्रम संपल्यावर धोतर, टोपी, हातात काठी अशा वेषातले एक म्हातारबाबा जवळ आले. शेजारच्या गावचे. चेहरा ओळखीचा, कारण अब्बांच्या मयतीला ते आले होते. त्यांना मी आबा म्हणतो, इथेही तेच नाव पुरे. म्हणाले, "समदं बेस हाय. पण टाळ्या खोट्या."

मी म्हटलं, "आबा, म्हणजे?"

"टाळ्या न्हवत्या. म्या हुतो तिथं."

"मग काय होतं?"

"हितं न्हाय सांगायचा. तिथं नेशील तर सांगन. मलाबी एकडाव बघायचंय."

आता सांगा, असं कुणी म्हटल्यावर कवी झोपेल का?

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही निघालो. आबांच्या घरच्यांनी मला बाजूला घेऊन त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या समजावून सांगितल्या. गाडी करून न्या असंही सुचवलं. आबांनी ते हाणून पाडलं. १९५९ साली जसं गेलो तसंच जायचं, म्हणजे रेल्वेने, आणि वाटेत कराडला उतरायचं. फक्त या वेळेस तिकीट काढायचं, एवढी सूट त्यांनी दिली. तेव्हा दोघांनी काढलं नव्हतं.

तळेगावहून लोकलने पुणे आणि पुण्याहून कोयना एक्सप्रेस. जनरल डबा. आयुष्यात ज्यांनी पाठीवर पिशवी टाकून प्रवास केला त्यांना हे नवीन नाही, पण मला होतं: जनरल डब्यात तुम्ही प्रवासी नसता, सामानाचा एक भाग असता. पहिला तास आबा माझ्या सॅकवर बसले होते. मग एका बाईने सरकून जागा दिली. तिच्यासोबत तिची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, आखूड केस, आणि कान बघतो तर काय, सुजून मोडायला लागलेला. आबांची नजर माझ्याआधी गेली. म्हणाले, "पोरी, कंच्या तालमीत?"

मुलगी कुस्तीगीर होती. सुट्टीला गावी येऊन परत कोल्हापूरकडे सरावाला निघालेली. आईच्या मांडीवर डबा होता, त्यात बदाम आणि खारका. घरची शेती दोन एकर. आई म्हणाली, "कान मोडला तवा हिच्या आज्जीनं तीन दिवस जेवण सोडलं हुतं, लग्न कसं व्हायचं म्हणून." मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग म्हटलं, पैलवानाशीच करीन. त्याचा पण मोडलेला असंल." डबा हसला. मी हसलो आणि मग गप्प बसलो. मला फाटक आठवलं.

महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा पहिल्यांदा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी ही पहिली मानकरी ठरली. पुरुषांची पहिली महाराष्ट्र केसरी १९६१ सालची. म्हणजे मधे बासष्ट वर्षं. त्या मुलीला ही सनावळी तोंडपाठ होती. तिने ती एखाद्या उधारीसारखी सांगितली.

दाराशी एक तरुण उभा होता. चिंचवडचा, संगणकाच्या नोकरीतला, पाठीवर भली थोरली सॅक, तिला लटकवलेला स्टीलचा पेला. नोकरीतून महिनाभर रजा घेऊन कोल्हापूर, मग कोकण, असा निघाला होता. आम्ही खासबाग बघायला चाललोय म्हटल्यावर तो उडालाच. तो दोन वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये असाच फिरला होता आणि ऑलिंपियाला जाऊन आला होता. त्याने फोनवर फोटो काढून आबांच्या हातात दिला.

त्या ऑलिंपियाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढे ते लागणार आहेत. ऑलिंपिक खेळांची परंपरागत सुरुवात इसवी सनपूर्व ७७६ ही धरतात. आधी नुसती धाव. कुस्ती आली ती इसवी सनपूर्व ७०८ मध्ये. मल्ल अंगाला तेल लावायचे, त्यावर धूळ चोळायचे, आणि नंतर वाकड्या धातूच्या पट्टीने ते सगळं खरवडून काढायचे. प्रतिस्पर्ध्याला तीनदा पाडलं की जिंकला. बक्षीस म्हणजे रानटी ऑलिव्हच्या फांदीचं कडं, बाकी काही नाही. अर्थात गावी परतल्यावर काय काय मिळे ते वेगळं. पुढे रोमन सम्राट थिओडोसियसच्या काळात, इसवी सन ३९३ च्या सुमारास, ते खेळ बंद पडले. पूर आले, भूकंप झाले, सगळं गाळाखाली गेलं. १८७५ पासून जर्मन पुरातत्त्वज्ञांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केलं तेव्हा ते पुन्हा दिसू लागलं.

फोटोत काय होतं? एक लांबट मोकळं मैदान, दोन्ही अंगांना गवताची उतरण. धावायची पट्टी सुमारे १९२ मीटर, आणि तिच्या टोकाला दगडी रेघ, जिच्या खाचेत पायाची बोटं रोवून धावक उभे राहायचे. तरुण म्हणाला, "आजोबा, इथे चाळीसेक हजार लोक बसायचे म्हणतात."

आबा म्हणाले, "कशावर?"

"मातीवर. दगडी आसनं फक्त पंचांना."

"आन् बाया?" हे त्या मुलीच्या आईने विचारलं.

विवाहित बायकांना बंदी होती, असं त्याने सांगितलं. अपवाद एकीचा, देमेतर देवीच्या पुजारिणीचा. तिच्यासाठी एक पांढऱ्या दगडाची वेदी होती, तिथे बसून ती खेळ बघे. बाकी एखादी सापडली तर तिला कड्यावरून लोटायचं असा कायदा. एक बाई मुलाची स्पर्धा बघायला पुरुषाच्या वेषात शिरली होती, आणि मुलगा जिंकल्यावर आनंदाने कुंपण ओलांडताना उघडी पडली. तिचे वडील, भाऊ, मुलगा सगळेच विजेते होते, म्हणून तिला सोडलं. पण तेव्हापासून प्रशिक्षकांनीही उघड्या अंगानेच यायचं असा नियम झाला म्हणे.

मुलीची आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने त्या तरुणाला चार बदाम दिले.

एक गोष्ट मला फार आवडली. ऑलिंपियाच्या मैदानात शिरायच्या वाटेवर दगडी चौथऱ्यांची रांग आहे. त्यांवर झ्यूस देवाचे काशाचे पुतळे होते. ते कुणी बसवले? लबाडी करणाऱ्या खेळाडूंकडून वसूल केलेल्या दंडातून ते बसवलेले. खाली लबाडाचं नाव. मैदानात जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ते वाचत जावं लागे. मी मनात म्हटलं, कवींसाठी अशी रांग असती तर माझा एक चौथरा नक्की.

आबांनी फोटो परत दिला आणि म्हणाले, "समदं हाय. हौदा कुठाय?" तरुणाकडे उत्तर नव्हतं. कुस्तीच्या सरावाचं अंगण वेगळं होतं, तिथे आता खांब उरलेत, असं तो म्हणाला. आबांच्या दृष्टीने ऑलिंपियाचा निकाल तिथे लागला.

कराडला आम्ही दोघं उतरलो. कराड स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. ओगल्यांचा काचकारखाना आणि प्रभाकर कंदील ज्यांनी पाहिले त्यांना हे नाव माहीत असेल. १९५९ मध्ये पुणे-कोल्हापूर ही मीटरगेज, छोटी गाडी होती. तिकीट तपासनिसाने या दोन मावळ्यांना इथे कानाला धरून उतरवलं होतं. "तुझ्या बापाचा मोडका कान धरला," आबा म्हणाले, "तर त्यो साहेबच घाबारला."

उतरवल्यावर ते दोघं काय करणार? कुणीतरी सांगितलं की खाशाबा जाधवांचं गाव इथून जवळ आहे. मग ते चालत गोळेश्वरला गेले. खाशाबा तेव्हा पोलिसात होते, गावी नव्हतेच. गाव बघितलं, विहिरीवर पाणी प्याले. आम्ही रिक्षाने गेलो. चालायचा आबांचा हट्ट मी गोळ्यांच्या जोरावर मोडला.

खाशाबांविषयी आपल्याकडे सगळ्यांना थोडं थोडं माहीत असतं. १९२६ चा जन्म. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक. मातीत वाढलेला हा गडी तिथे आंतरराष्ट्रीय नियमांनी मॅटवर लढला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं, आणि मग सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर पुरती विश्रांती न मिळताच उभं राहावं लागलं. ती कुस्ती गेली. जपानच्या इशीकडूनही हार झाली आणि इशी सुवर्ण घेऊन गेला. आपल्याला कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक यायला १९९६ साल आणि लिअँडर पेस लागला. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्या लावल्या आणि खर्डेकरांचं घर सोडवलं. पदकापेक्षा मला ती कुस्ती मोठी वाटते, पण तिचा फोटो कुणाकडे नाही.

१९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. त्यांच्या नावाचं कुस्ती संकुल गावात व्हावं म्हणून घरच्यांवर २०१७ मध्ये ते पदकच लिलावात काढण्याची भाषा करायची पाळी आली होती. घराचं नाव ऑलिंपिक निवास. आबा त्या पाटीसमोर उभे राहिले, टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "तवा हितं आमी निस्तं पानी प्यालो. पर तुझा बाप म्हनला, आता हरायचं न्हाय."

रात्र कराडच्या एका लॉजवर काढली. रात्रभर आबा घोरत होते आणि मी जागा होतो. सकाळी एसटीने कोल्हापूर. ते दोघं गुळाच्या रिकाम्या ट्रकमधून गेले होते, अंगाला मुंगळे लागेपर्यंत. एवढं मात्र आबांनी वगळायला परवानगी दिली.

खासबागेच्या दाराशी कालचा तरुण सॅकसकट उभा होता. "तुमची गोष्ट ऐकल्याशिवाय मला कोकणात जाता येणार नाही," म्हणाला. असे सोबती प्रवासातच भेटतात. नावसुद्धा न विचारता आपल्या बापाच्या भानगडीत रस घेणारे.

शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. उरलेल्या दगडी भिंती आम्ही पाहिल्या. कुस्तीचं मैदान आणि नाटकाचं घर, दोन्ही राजर्षी शाहू महाराजांनी भिंतीला भिंत लावून बांधलेली. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले, तेव्हा रोममधलं ते प्राचीन प्रेक्षागार पाहून त्यांच्या मनात हे मैदान आलं असं सांगतात. १९१२ मध्ये ते तयार झालं. त्या रोमनांनी दगडाच्या पायऱ्या रचल्या; महाराजांनी जमिनीलाच बशीसारखी उतरण दिली, मधे उंचवटा आणि त्यात लाल मातीचा हौदा. कुठेही बसा, पुढच्याचं मुंडासं आड येत नाही. गवंड्याची करामत आहे, पण मला ती राजाची वाटते: मागे बसणाऱ्यालाही दिसलं पाहिजे ही इच्छा आधी, बांधकाम नंतर. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढणाराही तोच राजा. तरुण म्हणाला, "अगदी ऑलिंपियासारखंच आहे हो, उतरणीवर बसायचं." आबा म्हणाले, "तिकडं ह्याच्यासारकं आसंल."

कोल्हापूरच्या तालमींबद्दल खूप बोलता येईल. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी. श्रीपती खंचनाळे १९५९ चे आणि गणपत आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, दोघंही कोल्हापूरच्या मातीत तयार झालेले. इथल्या जुन्या तालमी मोहरमला पंजे बसवतात. बाबूजमाल तालमीचं नाव त्यात मोठं. अब्बांनी मारुतीला हात जोडण्यात नवल नव्हतं, हे मला कोल्हापुरात कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पण मी आबांकडे बघत होतो.

राखणदाराला विनंती केली, म्हाताऱ्या माणसाकडे बघून त्याने आत सोडलं. आबा उतरणीवरून काठी टेकत उतरले आणि हौद्याच्या अलीकडे थांबले. चपला काढल्या. मग सांगायला लागले. मी त्यांचे शब्द जमतील तसे सांगतो.

मैदान भरलेलं. हलगी वाजत होती. छोट्या कुस्त्यांचे जोड तिथल्या तिथे लावत. अंगलट बघून पंच दोघांना समोरासमोर उभं करत. अब्बांचा जोड लागला, सांगलीकडच्या एका पोराशी. आबांचाही लागला. दोघांनी लांग चढवली, हौद्याकडेची माती अंगाला चोळली आणि पाळीची वाट बघत बसले. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं काय काय मुरवलेलं असतं. "गावची माती मातीसारकी वास मारती," आबा म्हणाले, "हिचा वास देवळासारका."

मग मधेच एक मोठी कुस्ती सुरू झाली. निकाली. म्हणजे चितपट होईपर्यंत, वेळेचं बंधन नाही. कोण कोण होते हे आबांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा नावं वेगळी निघाली, म्हणून मी ती देत नाही. ती कुस्ती संपेना. एक तास गेला, पुढे किती गेला कोण जाणे. अंधार पडला. पंचांनी उरलेले जोड रद्द केले. लोक उठून गेले. हे दोघं अंगाला माती लावून तसेच बसलेले. मावळातून इतक्या लांब, बिनतिकिटाचे, ट्रकमधून आलेले, आणि कुस्तीच नाही.

"तुझा बाप रडला," आबा म्हणाले. "म्या पैल्यांदा आन् शेवटचा बघितला त्याला रडताना."

राहायला जागा नव्हती. परगावचे बरेच जण उतरणीवरच घोंगडी टाकून झोपायचे. हे दोघंही झोपले. मध्यरात्री अब्बांनी आबांना हलवून उठवलं. चांदणं होतं. म्हणाले, चल. आणि ते दोघं त्या रिकाम्या हौद्यात उतरले आणि एकमेकांशी कुस्ती धरली.

तरुणाने पाठीवरची सॅक हळूच खाली ठेवली.

गावच्या तालमीत रोज लढणारे ते दोघं. एकमेकांचा प्रत्येक डाव माहीत. त्यामुळे लवकर काही होईना. तोंडातून आवाज काढायचा नाही, झोपलेले लोक उठतील म्हणून. नुसता श्वासांचा आणि मांड्यांवर पडणाऱ्या हातांचा आवाज. तेवढ्यात राखणदार कंदील घेऊन आला. आता हाकलणार, असं दोघांना वाटलं. तो ओरडला नाही. कंदील वर धरून हौद्याच्या कडेला उभा राहिला. शेवटपर्यंत. कुस्ती झाल्यावर म्हणाला, "झालं का? माती सारखी करा आन् झोपा."

"म्हून म्हनलं," आबा म्हणाले, "टाळ्या न्हवत्या. एक कंदील हुता."

मला काय बोलावं सुचेना. मग पोरकटासारखं तेच विचारलं जे कुणीही विचारेल. "आबा, जिंकलं कोण?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "तू कवितंत काय लिवलंयस?"

"अब्बा जिंकले असं."

"त्येनं काय सांगितलं हुतं?"

"तेच."

"मग झालं तर," म्हणाले, आणि वाकून चपला शोधू लागले. मी पुन्हा विचारलं. तरुणानेही विचारलं. परतीच्या गाडीत मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घोरण्याचं सोंग केलं. खरं घोरणं मी कराडला ऐकलं होतं, त्यामुळे फरक कळत होता.

कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघण्याची भीती आमच्याकडे नसते, त्यामुळे छापलेल्या टाळ्या छापलेल्याच राहिल्या. पण आता ती कविता कुठे वाचली तर मी ती ओळ गाळतो आणि तिथे जरा थांबतो. मध्यंतरी वडगावला वाचली. आबा पहिल्या रांगेत होते. कार्यक्रमानंतर काठी टेकत आले आणि विचारू लागले, "मधी का थांबलास? इसरला का काय?"

म्हटलं, "आबा, तिथे टाळ्या होत्या. काढल्या."

त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "आन् मग कंदील का न्हाय घातला?"